एवढा मोठा माणूस दिसत कसा नाही?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात आमचं गाव आहे, नागपूर-तुळजापूर महामार्गापासून दीड किलोमीटर आत. मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकांना वावरातून घरी येताना आतल्या रस्त्यावर मोटरसायकलनं मागून उडवलं. पाय दोन जागी मोडला. काका म्हणतात, 'मले त मागून उजेड येताना दिसत होता, म्हटलं जाईल तो बाजूनं.' मोटरसायकलवाला पोरगा थांबला, रडत सांगत होता, 'माणूस दिसलाच नाही.' एवढा मोठा माणूस दिसत कसा नाही? तेव्हापासून आम्हा सगळ्यांनाच भीती वाटते. मी आणि जाऊबाई कापूस वेचायला जातो. वेचलेल्या कापसाचा काटा (वजन) होईस्तोवर अंधार पडतो, डोक्यावर गाठोडं असतं. मुलगा यवतमाळला शिकतो, सातच्या एसटीनं येतो, फाट्यावर उतरून त्याला चौपदरी रस्ता ओलांडावा लागतो. हे रात्री ओलितासाठी, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, वावरात जातात. मामाजींना (माझ्या सासऱ्यांना) शुगर आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून जेवण झालं की रस्त्यानं फिरून येतात. कोणी म्हणतं डावीकडून चाला, कोणी म्हणतं उजवीकडून. डांबर सोडून कडेनं चालावं तर साप-काट्याचं भय. काय करावं ते नीट सांगा. काकांना भरपाई मिळते का, तेही सांगा.

उत्तर : ताई, काका आणि तो पोरगा दोघंही खरं बोलताहेत. अंधारात उभ्या माणसाला गाडीचा दिवा किलोमीटरभरावरून दिसतो. पण त्याच दिव्याच्या उजेडात गाडीवाल्याला गडद कपड्यांतला माणूस वीस-तीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. उजेड आपल्या डोळ्यांवर येतो, आपल्याला सगळं लख्ख वाटतं, आणि त्यानं आपल्याला पाहिलंच असणार असं मनात पक्कं बसतं. रात्री चालणाऱ्या माणसांवर घेतलेल्या चाचण्यांत हेच आढळलं आहे. माणसाला वाटतं त्याच्या साधारण निम्म्याच अंतरावरून तो खरा दिसतो. काकांनी 'जाईल तो बाजूनं' म्हटलं, ते या समजुतीतून.

हिशोब मांडून पाहा. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, अंधारात दोनही. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ ते ३३ मीटर रस्ता संपला. पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला आणखी २० मीटर तरी लागतात. एकूण झाले ४५ ते ५५. माणूस दिसतो तीस मीटरवर आणि गाडी थांबते पन्नासवर. हीच गाडी ८० नं आली तर थांबायला ७० ते ८० मीटर हवेत. भरलेला ट्रक किंवा दव पडून ओला झालेला रस्ता असेल तर त्याहून जास्त. गाडीवाला शुद्धीत आहे, समोर बघतो आहे, तरी एवढं. म्हणून त्याच्या भल्या-बुऱ्यावर आपला जीव सोडून चालत नाही. आपण कुठे चालतो आणि त्याला किती लांबून दिसतो, या दोन गोष्टी तेवढ्या आपल्या हातात आहेत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे पाचातलं जवळपास एक. आणि वर्षानुवर्षं सर्वांत जास्त अपघात नोंदले जातात ते सायंकाळी ६ ते ९ या तीन तासांत. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात साडेपाच-पावणेसहालाच सूर्य बुडतो. वेचणी, चण्या-गव्हाचं ओलित, जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या आणि लग्नांची सुरुवात, सगळं नेमकं त्याच दिवसांत. त्यात कोणी धुऱ्यावर पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) पेटवलेली असली की धूर रस्त्यावर आडवा पसरतो. अशा धुरात किंवा नाल्याकाठच्या धुक्यात लगेच शिरायचं नाही, गाडीचा आवाज नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जायचं.

आता डावं की उजवं. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी माणसानं उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. आपल्या देशात गाड्या डावीकडून चालतात, म्हणून उजवीकडे आपण चाललो की आपल्या बाजूची गाडी समोरून येते. ती रेषेत आहे की कडेला सरकते आहे हे डोळ्यांनी दिसतं आणि बाजूला व्हायला दोन-तीन सेकंद मिळतात. डावीकडून चाललं की ती पाठीमागून येते, काकांचं तसंच झालं. दुसरं एक कारण फारसं कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या गाड्यांच्या दिव्याचा डिप्पर मुद्दाम असा बनवलेला असतो की उजेड गाडीच्या डाव्या कडेला जास्त लांब आणि जरा वर जातो, उजवीकडे कमी, कारण समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये. तुम्ही तुमच्या उजव्या कडेला असता तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीची ती डावी कडच असते. म्हणजे तुम्ही तिच्या जास्त उजेडाच्या भागात येता.

पण यात एक गोम आहे आणि ती महामार्गावर रोज दिसते. लांबचा वळसा टाळायला मोटरसायकली कडेकडेनं राँग साइडनं येतात. तुम्ही उजवीकडून चालत असलात तर ही मोटरसायकल तुमच्या पाठीमागून येणार, बहुतेकदा कमी उजेडात. म्हणून उजवीकडून चालतानाही पन्नास-साठ पावलांनी एकदा मागे वळून पाहायची सवय लावा, आणि कानात मोबाइलची बोंडं घालू नका. बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटी आणि रिक्षा आता गावोगावी आहेत, त्यांचा आवाज जवळजवळ नसतोच.

वळण आलं, आणि उजवी कड वळणाच्या आतल्या बाजूला पडत असली, शिवाय तिथे बाभळी-घाणेरीचं रान माजलं असलं, तर समोरच्याला तुम्ही अगदी शेवटी दिसाल. अशा वळणाच्या शंभर पावलं आधी, रस्ता दोन्हीकडे सरळ दिसत असताना, ओलांडून बाहेरच्या कडेला जा. वळण संपलं की परत या.

साप-काट्याचं भय खरं आहे आणि त्याच भयानं माणसं डांबराच्या मधोमध चालतात. टिपेश्वर किंवा ताडोब्याच्या अंगाला असलेल्या गावांत तर वाघ-रानडुकराच्या धास्तीनं आणखी मधे. पण गार रात्री साप ऊब घ्यायला तापलेल्या डांबरावरच येऊन पडतात, त्यामुळे डांबर म्हणजे सापापासून सुटका, असं नाही. घोट्याच्या वर येणारे बूट किंवा गमबूट, हातात काठी आणि पायापुढे पडणारा बॅटरीचा उजेड, एवढं असलं की साइडपट्टीवरून चालता येतं. सगळा वेळ गवतातून चाला असं म्हणणं नाही. गाडी नसेल तेव्हा डांबराच्या अगदी कडेच्या हातभर पट्टीवर चाला. गाडी आली की उतरायचंच. ज्या ठिकाणी उतरता येत नाही ती ठिकाणं दिवसा पाहून ठेवा. नवीन सिमेंट रस्त्यांच्या कडेला मुरूम खचून वीतभर खड्डा पडलेला असतो. घाईत तिथे पाय टाकला की घोटा मुरगळून माणूस रस्त्याच्याच बाजूला पडतो. सोयाबीन किंवा तूर रस्त्यावर वाळत घातली असेल आणि भोवती दगड लावले असतील, तर अंधारात तिथेही माणसाला मधे यावं लागतं. आपल्या गावात तरी वाळवणाभोवतीचे दगड दिवस मावळायच्या आत उचलून टाकायला सांगा.

सर्वांत वाईट क्षण कोणता? दोन्हीकडून गाड्या येऊन तुमच्या आसपास एकमेकींना पार होतात तो. समोरच्याच्या अप्परनं गाडीवाल्याचे डोळे दिपतात, आणि दिपलेले डोळे पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात, वयस्क माणसाला जास्त. तेवढ्या वेळात गाडी शंभर मीटर गेलेली असते आणि कडेला काय आहे ते त्याला अक्षरशः दिसत नाही. शिवाय समोरच्याला जागा द्यायला तो तुमच्याच कडेकडे सरकतो. त्यामुळे घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ करून घ्या : दोन्हीकडून उजेड दिसला की डांबर सोडायचं, दोन पावलं बाहेर, तोंड रस्त्याकडे करून उभं राहायचं आणि दोन्ही गाड्या गेल्यावरच पाय उचलायचा. उजेडाकडे टक लावून पाहू नका, आपलेही डोळे दिपतात. नजर खाली, कडेच्या रेषेवर ठेवा.

कापसाची ट्रॉली, कडब्याची किंवा तणसाची गाडी आली तरी असंच दोन पावलं बाहेर. माल ट्रॉलीच्या फळ्यांच्या बाहेर हातभर फुगलेला असतो, तो अंधारात दिसत नाही. दिसतो तो फक्त ट्रॅक्टरचा दिवा, तोही पुष्कळदा एकच. एका दिव्याचं वाहन मोटरसायकलच आहे असं कधी धरून चालू नका.

नाल्यावरच्या लहान पुलांचंही सांगते. पुलावर साइडपट्टी नसते, कठड्याला लागूनच डांबर असतं, उतरायला जागा नाही. पुलाच्या अलीकडे थांबून दोन्हीकडे पाहायचं, एकही दिवा जवळ नसेल तेव्हाच झपझप पार व्हायचं. संध्याकाळी कठड्यावर बसून गप्पा मारणारी पोरं असतातच, त्यांचे पाय रस्त्यावर असतात. त्यांना तिथून उठवा.

आता दिसण्याबद्दल, कारण खरा फरक इथेच पडतो. पांढरे कपडे घातले की पुरे असं सगळे सांगतात. पांढऱ्यानं माणूस काळ्यापेक्षा साधारण दुप्पट लांबून दिसतो, म्हणजे पन्नास-साठ मीटर. साठच्या वेगाला ते कसंबसं पुरतं, ऐंशीला पुरत नाही. लाल साडी किंवा लाल शर्ट अंधारात काळाच दिसतो. दिवसा झगझगणारा पोपटी-नारिंगी रंगही रात्री काही कामाचा नाही, तो सूर्यप्रकाशावरच चमकतो. रात्री काम करते ती रेडियमची पट्टी, म्हणजे आलेला उजेड आला त्याच दिशेनं परत फेकणारी. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात. ती दीडशे मीटर किंवा त्याहून लांबून दिसते.

ती लावायची कुठे, यात बहुतेकांची चूक होते. गाडीच्या डिप्परचा उजेड खाली झुकलेला असतो. चाळीस-पन्नास मीटरवर तो माणसाच्या गुडघ्याखालीच पडतो, डोक्यापर्यंत जातच नाही. तुमच्या डोक्यावरचं कापसाचं पांढरंशुभ्र गाठोडं किंवा मामाजींची पांढरी टोपी गाडीवाल्याला म्हणूनच दिसत नाही. आधी दिसतात ते पाय. शिवाय घोट्याला आणि मनगटाला पट्टी असली की चालताना ती मागेपुढे हलते, आणि ती हालचाल पाहून 'हा माणूस आहे' हे गाडीवाल्याला लगेच ओळखता येतं. नुसतं छातीवरचं जाकीट लांबून दगड, पाटी किंवा खांब वाटू शकतं. शंभर-दीडशे रुपयांचं जाकीट घेतलंत तर चांगलंच आहे, पण घोट्याच्या पट्ट्या त्याआधी.

पट्टी घेताना कापडावर शिवायची घ्या, राखाडी रंगाची, दोन इंच रुंद. सुरक्षारक्षकांचे कपडे आणि सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मीटरवर मिळते. नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडची चिकटवायची पट्टी बैलबंडीला, सायकलला, फवारणीच्या पंपाला ठीक, पण सुती कापडावर ती दोन धुण्यांत निघते. दुकानातच तपासा. मोबाइलचा फ्लॅश चालू करून पट्टीचा फोटो काढा. फोटोत ती पांढरीफटक झाली तर खरी. नुसती रंगीत दिसली तर ती शोभेची. अंधारात स्वतः हिरवट चमकणारी पट्टी वेगळी, ती गाडीच्या दिव्यात उपयोगाची नाही.

तुम्ही आणि जाऊबाई वेचताना साडीवर जुना फुलबाह्यांचा शर्ट घालत असाल, तर त्याच शर्टाच्या दोन्ही कफांना सगळीकडून पट्टी शिवा, आणि पाठीवर खालच्या कडेला एक आडवी. साडीत घोट्याची पट्टी झाकली जाते, म्हणून वावरात नेसायच्या साडीच्या खालच्या काठावर बाहेरून चार-चार बोटांचे तुकडे वीत-वीत अंतरानं शिवा. सलग शिवली तर काठ कडक होऊन पायात येतो. पुरुषांसाठी पँटवरून बांधायचे घोट्याचे पट्टे करा. पस्तीस सेंटिमीटर पट्टी, खाली जाड कापड, टोकाला वेल्क्रो. मनगटाला पंचवीस सेंटिमीटर. तुम्हा पाच जणांना सगळं मिळून सात-सव्वासात मीटर लागेल, आठ मीटर घ्या. गाठोड्याच्या मागच्या बाजूला लावायची तर वरून नाही, खाली लोंबणाऱ्या गाठीजवळ. काळ्या मातीचा चिखल बसला की पट्टी मेलीच समजा. घरी आलं की ओल्या फडक्यानं पुसा. ब्रशनं घासू नका, ब्लीचमध्ये टाकू नका, वरून इस्त्री फिरवू नका.

झाल्यावर रात्री गल्लीत एक परीक्षा घ्या. एकानं पट्ट्या बांधून शंभर पावलांवर जाऊन चालत राहायचं. दुसऱ्यानं बॅटरी डोळ्याच्या अगदी बाजूला, कानशिलाला टेकवून धरायची. कमरेजवळ धरली तर पट्टी चमकताना दिसणारच नाही, कारण उजेड बॅटरीकडेच परत जातो आणि डोळा वर राहतो. मग त्याच माणसानं पट्ट्या काढून पुन्हा तेवढंच चालायचं. मामाजींना आणि मुलाला दोन्ही वेळेला बॅटरी धरायला लावा.

ओलिताला जाणाऱ्यांसाठी. डोक्याला बांधायची बॅटरी वावरात उत्तम, रस्त्यावर मात्र ती खाली वाकवून पायापुढच्या तीन-चार पावलांवर पाडा. समोरच्या गाडीच्या काचेवर गेली तर तुम्हीच त्याला आंधळं करता. हातातली बॅटरीही जमिनीकडेच, पण चालताना हात हलू द्या. जमिनीवर डुलणारा उजेड लांबून लक्ष वेधतो. मोबाइलची टॉर्च यासाठी पुरेशी नाही. तिचा उजेड जवळच विरतो, आणि अधूनमधून स्क्रीन पाहिला की अंधाराला सरावलेले आपले डोळे बिघडतात. ते पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मागच्या बाजूला, कमरेच्या पट्ट्याला सायकलची लाल लुकलुकणारी बत्ती लावली तर राँग साइडनं मागून येणाऱ्यालाही कळतं. घोंगडी पांघरून निघत असतील तर पट्टी घोंगडीच्या बाहेर यायला हवी. तुषार संचाचे पाइप सहा मीटर लांब असतात. ते खांद्यावर घेऊन रस्त्यानं जाताना हाक आली म्हणून माणूस वळला की पाइपचं टोक गाडीच्या वाटेत झाडूसारखं फिरतं. पाइप न्यायचेच तर उजेड असताना, आणि दोघांनी पुढे-मागे धरून.

दोघी-तिघी मिळून येत असाल तर एकामागे एक. शेजारी शेजारी गप्पा मारत आलं की रस्त्याकडची बाई नकळत अर्धा हात आत सरकते. सगळ्यांत पुढच्या आणि सगळ्यांत मागच्या बाईच्या अंगावर पट्ट्या हव्यातच, लेकरं मधे. शेगावला पायदळ निघणाऱ्या गावच्या मंडळींनाही हे लागू आहे. त्यांनी पहाटे अंधारात चालायचं तर मागे दिवे लुकलुकणारी एक गाडी ठेवावी.

मुलाचं फाट्यावरचं ओलांडणं मला सगळ्यांत जास्त काळजीचं वाटतं. एसटीतून उतरल्यावर तिच्या पुढून किंवा मागून लगेच निघायचं नाही. एसटीच्या आडोशानं त्याला काही दिसत नाही, आणि तिला ओव्हरटेक करणाऱ्याला तो दिसत नाही. एसटी निघून जाऊ द्यायची, तिचा लाल दिवा लांब गेला की मगच पाहायचं. चौपदरी रस्त्याची एक बाजू कडेच्या पट्टीसकट साधारण नऊ मीटर धरा. चालत्या माणसाला ती ओलांडायला सात-आठ सेकंद लागतात, मामाजींच्या वयाला दहा-अकरा. ताशी ८० ची गाडी आठ सेकंदांत पावणेदोनशे मीटर येते, अकरा सेकंदांत अडीचशे. रात्री अंतराचा अंदाज डोळ्यांना येत नाही. दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना दिसतं त्यावरून आपण गाडीचा वेग ओळखतो, आणि लांबून ते वाढताना दिसतच नाही. म्हणून हे काम दिवसा करा. मुलाला घेऊन फाट्यावर उभं राहा, ज्या बाजूनं गाड्या येतात त्या बाजूचे विजेचे खांब मोजा. दोन खांबांत साधारण ५० मीटर असतात, खात्रीसाठी एकदा पावलांनी मोजून घ्या. पाचव्या खांबापाशी काय आहे ते ठरवा : कडुनिंब, ढाब्याची पाटी, काहीही जे रात्रीही ओळखू येईल. त्या खुणेच्या अलीकडे कोणताही दिवा असेल तर थांबायचं. खुणेपलीकडे असेल तर सरळ, न धावता, आडव्या रेषेत ओलांडायचं. तिरपं गेलं की रस्त्यात जास्त वेळ जातो.

मधल्या दुभाजकावर पोहोचल्यावर पुन्हा पूर्ण थांबायचं आणि दुसऱ्या बाजूची वेगळी खूण वापरायची. दुभाजकात कण्हेर लावलेली असते, समोरच्या दिव्यांची तिरीप अडावी म्हणून. पण तिच्यातून माणूस एकदम बाहेर आला तर गाडीवाल्याला कल्पनाही नसते. झुडपातून, लोकांनी पाडलेल्या वाटेनं जाऊ नका, मोकळी फट असेल तिथूनच जा. पुढे-मागे अर्ध्या किलोमीटरवर भुयारी वाट किंवा पूल असेल तर तो फेरा पडला तरी घ्यायचा, सातच्या वेळेला तरी. त्या वेळी तुमचे हे घरी असतील तर त्यांनी फाट्यावर आणायला जावं, पण घरच्या बाजूलाच थांबावं. समोरून हाक मारली की पोरगं रस्ता न पाहता धावतं.

मामाजींनी चालणं सोडू नये, रस्ता सोडावा. गावातल्या शाळेच्या मैदानात किंवा देवळाच्या आवारात फेऱ्या माराव्यात, किंवा दिवस मावळायच्या आधी चालून यावं. 'मग पहाटे पाचला जातो' म्हणाले तर नको. तो अंधार तोच, आणि रात्रभर गाडी चालवलेले ड्रायव्हर त्याच वेळी पेंगतात. पोलीस भरतीची तयारी करणारी गावातली पोरं पहाटे महामार्गावर पळतात, त्यांनाही आतला रस्ता आणि घोट्याच्या पट्ट्या, दोन्ही सांगा.

रस्ता सुधारून घ्यायचा तर आधी तो कोणाचा ते पाहा. किलोमीटरच्या दगडाचा वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. राष्ट्रीय महामार्गाची तक्रार १०३३ वर करता येते. राज्य मार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाचं उपविभागीय कार्यालय, आतल्या गाव-रस्त्यासाठी बहुतेकदा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. ग्रामसभेत ठराव घ्या आणि अर्जात 'रस्ता धोकादायक आहे' एवढंच लिहू नका. किलोमीटरचा आकडा टाकून लिहा : इथे झुडपं तोडा, इथे साइडपट्टीवर मुरूम भरून दाबा, कडेला पांढरी रेघ मारा, फाट्याआधी रम्बलर पट्ट्या (गाडीचा वेग कमी करायला लावणारे बारीक उंचवटे) करा. फाट्यावर ग्रामपंचायतीनं दिवा लावायचा तर तो ओलांडायच्या जागेच्या मागे नको. गाड्या ज्या बाजूनं येतात त्या बाजूला थोडा अलीकडे हवा, म्हणजे उजेड माणसाच्या गाडीकडच्या अंगावर पडतो.

अपघात झालाच तर १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, पन्नास-साठ पावलं मागे जाऊन कडेलाच उभं राहून बॅटरी हलवा, नाहीतर मदतीला धावलेलेच सापडतात. जखमीला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, रक्त वाहत असेल तिथे कापड घट्ट दाबून धरा. दवाखान्यात नेणाऱ्या माणसावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यात तसं संरक्षण आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार बिनपैशाचे मिळण्याची केंद्राची योजनाही आहे.

काकांच्या बाबतीत मोटरसायकलवाला ओळखीचा आहे, हे भरपाईसाठी महत्त्वाचं. पोलिसांत नोंद झाली नसेल तर आधी ती करा, आणि एफआयआर, पंचनामा, गाडीच्या विम्याची प्रत, दवाखान्याची सगळी बिलं आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो, जिल्हा न्यायालयातच तो चालतो, आणि तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई साधारणपणे त्या पोराच्या खिशातून नाही, त्या विम्यातून मिळते, हे दोन्ही घरांना सांगा. गावात मिटवामिटव करून कोऱ्या कागदावर सही करू नका. गाडीवाला पळून गेला असता आणि सापडलाच नसता, तर गंभीर जखमेसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी २ लाख अशी केंद्राची वेगळी योजना आहे, तिचा अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. काकांना महिना होऊन गेला आहे, म्हणजे पाच महिन्यांहून कमी उरलेत. या आठवड्यात तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन वकिलाची विचारणा करा, पात्र असतील तर तिथे वकील मोफत मिळतो.